सहासष्टचा बेस परत मिळवण्याची शांततामय मोहीम

४ जानेवारी १९९८, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा, पण पक्का. राग सोडला. डॉक्टरांनी बीपी बघून सांगितलं. मी मुळात तापट नाहीच, लोक तापवतात. उदाहरणार्थ आज सकाळी. बायकोने, उल्काने विचारलं, तो पांढरा बेस गिटार पलंगावरून कधी हलणार? मी शांतपणे कप भिंतीवर मारला. ओरडलो नाही. प्रगती आहे.

पांढरा बेस पलंगावरच राहील. दिवाळीनंतर वादकांच्या ग्रुपमधल्या श्यामशी अदलाबदल केली ती आयुष्यातली सर्वांत हुशार गोष्ट. माझा सहासष्ट सालचा जपानी बेस त्याला दिला, त्याचा कोरा पांढरा बेस मी घेतला. माझ्याला चार तारा, याला पाच. म्हणजे एक तार सरळ फायद्यात. श्याम बँकेत ऑफिसर आहे, तरी त्याला हे कळलं नाही. मीच आनंदाने रविवारच्या ग्रुपला पेढे दिले.

९ जानेवारी, शुक्रवार
बिबवेवाडीला मकबूलभाईंच्या दुकानात गेलो. पुण्यात जुन्या गिटारींचं काम करावं तर त्यांनीच. कोणीतरी परदेशातून आणलेलं मासिक होतं. त्यात फोटो. माझा बेस! तोच लाल-काळा रंग, धडाची तीच शिंगासारखी टोकं. मकबूलभाईंनी इंग्रजी वाचून दाखवलं. असले फार थोडे बनले. जुने वादक जगभर शोधताहेत.
मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिलात ना तुम्ही? बरं केलंत. एक तार जास्त मिळाली."
स्टुलाला लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. स्टूल पुन्हा वाटेत येणार नाही.

११ जानेवारी, रविवार
ग्रुपच्या प्रॅक्टिसला श्यामला अत्यंत सभ्यपणे सांगितलं, आपला व्यवहार रद्द. तो म्हणाला, "अहो गोपाळराव, पेढे तुम्हीच वाटलेत." समोरच्याचा असा अपमान करू नये. मी त्याची कॉलर धरली. शर्टाचं बटण हातात आलं. त्याने ढकललं. मी ड्रमवर बसलो. ड्रम फाटला.
मुद्दामच बसलो. पडलो असतो तर लागलं असतं. बटण पुरावा म्हणून ठेवलं आहे.

१९ जानेवारी, सोमवार
विचारांती ठरवलं. बोलून होणार नाही, दहशत हवी. कोथरूडलाच आमच्या सोसायटीमागे कराटे क्लास आहे. नाव घातलं. वयोगट जरा लहान. जोडीला पाचवीतली मुलगी दिली. मी तिला जपूनच घेत होतो. दोन बरगड्यांना तडा असावा असं डॉक्टर म्हणतात. एक्सरेत स्पष्ट नाही.
क्लास सोडला. मूलभूत तंत्र कळलंच होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार
घरीच सराव. तांदळाच्या पोत्यावर रोज शंभर ठोसे. पोतं फाटलं. उल्का बराच वेळ तांदूळ गोळा करत होती, मधूनच माझ्या मुठीकडे बघायची. बहुधा प्रभावित झाली. माझ्या मुठीची कातडी गेली. आयोडीन.

८ फेब्रुवारी, रविवार
पांढऱ्या बेसच्या तारा उचललेल्या वाटतात. मानेत, म्हणजे लांब दांड्यात, आत लोखंडी सळई असते, ती पिळली की मान सरळ होते. मकबूलभाईंनी बजावलं होतं, पाव वळसा द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. कारागिरांना काम वाढवायची सवय असते. मी दीड वळसा दिला. वस्तूला कधीतरी दाखवावं लागतं मालक कोण.
कडाक् असा आवाज आला.
मानेला फट पडली आहे, पण सरळ झाली आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
बेस मकबूलभाईंकडे नेला. त्यांनी फटीत नख घातलं, काढलं, काही बोलले नाहीत. असा मौन बाळगणारा माणूस फार चिडवतो. मी टेबलावर मूठ आपटली. सरसाचं भांडं उलटलं, त्यांच्या नव्या लाकडावर सगळा सरस गेला.
ते एवढंच म्हणाले, "गोपाळराव, माझ्या दुकानात हात खिशात ठेवत जा."
वीस वर्षांची ओळख आहे म्हणून ऐकून घेतलं. दुसरा असता तर.

१ मार्च, रविवार
पौड फाट्याला सिग्नलवर शेजारी श्यामची स्कूटर. मी नमस्कार केला नाही, स्कूटरला लाथ मारली. ती त्याच्यासकट आडवी. तो उठला आणि हेल्मेट माझ्या तोंडावर मारलं. समोरचा एक दात गेला. तो नाहीतरी हलत होता.
नंतर श्यामनेच खिशातला रुमाल दिला. म्हणाला, "माझ्या हातून असं कधी झालं नाही हो." स्कूटरवर मागे बसवून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, शेवटपर्यंत थांबला. शत्रूकडून सेवा करून घेणं प्रत्येकाला जमत नाही.
घाबरला आहे. आता थोडाच रेटा हवा.

१२ मार्च, गुरुवार
उल्का बहिणीकडे गेली. कारण क्षुल्लक. ती म्हणाली, बेस राहू द्या, आधी त्या श्यामची माफी मागा. माझ्या हातात गिटारची रिकामी पेटी होती, ती मी फेकली. भिंतीकडे फेकली होती. ती मध्ये आली. खांदा थोडा निळा झाला. थोडाच.
बॅग भरताना म्हणाली, "आधी तुम्ही भिंतीला मारायचात. मग स्टुलाला, पोत्याला. मी मोजत होते, माझा नंबर कधी येतो."
बायका नको ते लक्षात ठेवतात. दोन दिवसांत येईल.

१७ मार्च, मंगळवार
आली नाही. खानावळीतला वरण-भात वाईट असतो.

२१ मार्च, शनिवार, दुपारी
मकबूलभाईंच्या दुकानाच्या दारातूनच दिसलं. माझा सहासष्टचा बेस टेबलावर. मकबूलभाई तारा चढवताहेत, शेजारी श्याम उभा. दोघं हसत होते. माझ्या लगेच लक्षात आलं. वाटणी चालली होती. मासिकातल्या त्या परदेशी वादकांपैकी कोणाला तरी विकणार.
बेस मानेला धरून उचलला आणि श्यामच्या डोक्यावर फिरवला. श्याम बाजूला झाला.
मकबूलभाईंनी हात मध्ये घातला.

२१ मार्च, संध्याकाळी
बेसचे दोन तुकडे. मान वेगळी, धड वेगळं.
मकबूलभाईंचं मनगट. उजवं. दोन ठिकाणी मोडलंय.
त्यांनी हात मध्ये घालायलाच नको होता. मी बेस त्यांच्यासाठी उचललाच नव्हता. पन्नाशीच्या माणसाने थोडा अंदाज ठेवायला हवा.

२२ मार्च, रविवार
हॉस्पिटलात गेलो. बाहेर अख्तरभाभी बसल्या होत्या, मकबूलभाईंच्या पत्नी. मी समजावून सांगायला लागलो की हा अपघात कसा झाला, कोणाचं कुठे चुकलं. त्या उठल्या आणि माझ्या कानफटात मारली. मग दुसऱ्या बाजूला. व्हरांड्यातले पेशंट बघत होते.
मग म्हणाल्या, "श्यामभाई तुमचा बेस तुम्हाला परत द्यायला आणला होता. तुमचा दात पडला तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. यांनी सांगितलं, नव्या तारा घालून देतो, गोपाळराव खूश होतील. म्हणून हसत होते दोघं."
मी विचारलं, मला आधी कोणी का सांगितलं नाही?
भाभी म्हणाल्या, "तुम्ही दारातून आत येऊन विचारलंत का?"

२३ मार्च, सोमवार
ऑफिसला गेलो नाही. दिवसभर तो प्रश्न आला की त्याला चांगलं उत्तर सुचत होतं. संध्याकाळपर्यंत चौदा झाली. एकही भाभींना सांगण्यासारखं नाही.

२४ मार्च, मंगळवार
सकाळी पोलीस चौकीत स्वतः गेलो. सांगितलं, मकबूलभाईंचं मनगट मी मोडलं. हवालदारांनी रजिस्टर काढलं. हॉस्पिटलातून नोंद आली होती. जबाब मकबूलभाईंचा: शिडीवरून पडलो. साक्षीदार श्याम: माझ्यासमोर पडले.
मी म्हटलं, खोटं आहे, मी मारलं.
त्यांनी विचारलं, कशाने?
गिटारने.
त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पडलेला दात, मुठीवरचे व्रण, सुजलेले दोन्ही गाल. पाणी मागवलं. म्हणाले, "काका, तुम्हाला कोणी मारलंय का? तसं असेल तर लिहून घेतो."
मी परत सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. घरी कोण असतं, विचारलं. सध्या कोणी नाही म्हणालो. मग रिक्षा करून जा म्हणाले.

२६ मार्च, गुरुवार
मकबूलभाई घरी आले आहेत. गेलो. हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण बारीक काम पूर्वीसारखं होईल असं नाही.
मी विचारलं, खोटं का सांगितलंत?
म्हणाले, "तुमच्यासाठी नाही. कोर्टाच्या तारखा मला नकोत. एका हाताने जेवढं होईल तेवढं काम करायचंय."
मी माफी मागितली. तयार करून गेलो होतो ते सगळं विसरलो, नुसतं चुकलो म्हणालो. ते मान हलवून ऐकत राहिले. मग डाव्या हाताने कोपऱ्यात बोट दाखवलं. बेसचे दोन्ही तुकडे तिथे होते. श्याम ठेवून गेला होता.
"घेऊन जा. तुमचा आहे."
विचारलं, हात बरा झाल्यावर जोडाल का?
"नाही, गोपाळराव. राग नाही तुमच्यावर. पण तुमचं काम आता करणार नाही."
भाभींनी दार उघडून धरलं होतं.
पेटी नेली नव्हती. धड एका काखेत, मान दुसऱ्या हातात, असा बसमध्ये चढलो. कंडक्टरने बघितलं आणि दोन नग म्हणून लगेजची दोन तिकिटं फाडली.
ही एकच वस्तू आहे, असं मी म्हटलं नाही. दोन्ही तिकिटं घेतली.