बाबांचे गाळलेले श्वास

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर दुसऱ्याच वाक्याला आपलं जुंपतं, म्हणून पत्र. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये दोन सिनेमे आहेत. गाण्यांचे सिनेमे म्हटल्यावर तू नाक मुरडशील, पण हे वेगळे आहेत. एकात कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायका यंत्र चालू असेपर्यंतच गातात. यंत्र थांबलं की ओळ अर्धीच राहते. दुसऱ्यात एक म्हातारा बायकोच्या मृत्यूचा दाखला घ्यायला रांगेत उभा असतो आणि तिथंच गाऊ लागतो, चांगला बेसूर. कुणी मान वर करूनही बघत नाही.

नट स्वतः गायलेत, तेही तिथल्या तिथे. जिना चढताना दम लागतो, तो तसाच ठेवलाय. सिनेमांच्या आवाजाची साफसफाई करण्यात माझी वीस वर्षं गेली, पण असलं काही ऐकलं की हात जोडावेसे वाटतात. बोलून सांगता येत नाही तिथंच ही माणसं गातात, आणि जमेल तेवढंच गातात.

बाबांचं गाणंही त्यातच घातलंय. त्यांच्या शेवटच्या महिन्यात तू फोन फळीवर ठेवून टिपलं होतंस, ते. छान स्वच्छ केलंय.

लोभ आहेच, भांडणासकट.
तुझा
धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सिनेमे पाहिले. गिऱ्हाइकाच्या पडद्यांना शिलाई मारत पाहायला बसले होते, पण म्हाताऱ्याच्या गाण्याला मशीन थांबवावं लागलं. त्याच्या मागची बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते, बस, तेवढंच करते. मला तिथं रडू फुटलं. नाक मुरडायचं राहून गेलं, हे कबूल.

मग बाबांचं गाणं लावलं. धाकट्या, हे बाबा नव्हेत. खोकला कुठाय? दोन ओळींमधली धाप कुठाय? गॅरेजातल्या कामानं काळवंडलेल्या बोटांनी ते खाटेच्या कडेवर ताल धरायचे, तोही गेला. दोन वर्षं मी त्या धापेकडे कान लावून घरात वावरले. परक्या नटांच्या धापेला तू हात जोडतोस, आणि आपल्या बापाची धाप तेवढी कचरा?

माझा तो फोन केव्हाच बंद पडला. मूळ गाणं तुझ्याकडे असेल तर पाठव. नसेल तर सरळ सांग, शब्द फिरवू नकोस.

रागावले आहे, पण माया त्याहून जुनी.
तुझी
ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मूळ नाही. साफ केलेलं मी त्याच्यावरच उतरवलं. पण आमच्या कामात कापलेलं लगेच टाकून देत नाहीत. ते सगळे तुकडे क्रमानं जोडून पाठवतोय, नऊ मिनिटं भरली.

हातची सवय म्हणून कापलं, असं लिहिणार होतो. ते खोटं ठरलं असतं. ती धाप मला ऐकवेना. तू रोज तिच्याशेजारी होतीस; मी दोनदा आलो आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊनच आलो. त्याची लाज वाटते, ताई.

एक तुकडा मात्र तुझ्यासाठी काढला होता. कुठला ते ऐकल्यावर कळेल. पाठवावा की नाही, याचा चार दिवस विचार केला.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा
धाकटा

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. खोकला ऐकून बरं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

सातव्या मिनिटाला मी आहे. बाबांवर खेकसतेय, की पुरे करा ते गाणं, आधी गोळ्या घ्या, मला दुसरी कामं नाहीत का. मला हे आठवतही नव्हतं. पेला ठेवल्याचा आवाज येतो आणि मी बाहेर जाते.

त्यानंतरची शेवटची ओळ ते इतक्या हळू का गातात, ते तुझ्या स्वच्छ गाण्यात समजत नव्हतं. मला वाटलं, थकले असतील.

तू मला सांभाळायला गेलास, ते कळलं. पण तो तुकडा होता तिथं परत बसव, आणि सगळं मिळून एकसंध पाठव. माझा आवाज कमी करू नकोस.

तुझी
ताई