लेनच्या दौऱ्यातली शेवटची तीन घरं

९ फेब्रुवारी, सोमवार

कपातीची यादी आली. ह्या वेळी माझं नाव नाही. टीममधले पाच गेले, त्यांचं काम आता उरलेल्या तिघांवर. सुटलो असं वाटायला हवं होतं, नुसता थकवा वाटला. पाच वाजता लॅपटॉप बंद केला आणि तसाच बसून राहिलो.

शुक्रवारी लेन येतोय. वैशालीने विचारलं, किती माणसं? बावीस. "बसवणार कुठे?" विहारातल्या घडीच्या खुर्च्या मागितल्यात, चौदा एप्रिलला वापरतो त्या. रविवारी वंदनेच्या आधी परत पोचवायच्या.

"आणि हा माणूस खरंच आपल्याकडे झोपणार?"

हो. ह्या अमेरिकेच्या दौऱ्यात असाच फिरतोय. हॉल नाही, स्टेज नाही. ज्यांना अजून त्याच्या बँडची गाणी आठवतात त्यांच्या दिवाणखान्यात गातो, तिथेच मुक्काम, मग स्वतःच गाडी चालवत पुढच्या गावी. आमच्यानंतर डब्लिन, ओहायोतलं. मग स्टेट कॉलेज, तेही गावाचंच नाव. मग इंग्लंडला घरी. सदुसष्ट वर्षांचा आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खुर्च्या आणल्या. अस्मिताची खोली झाडून घेतली. ती आता सुट्टीतच येते. स्टेट कॉलेजला पीएच.डी.चं दुसरं वर्ष. लेनचा शेवटचा कार्यक्रम, तेवढा एकच घराबाहेर, तिच्याच डिपार्टमेंटच्या मागच्या हॉलमध्ये आहे, माझ्यासाठी तिनेच जमवला. तिला स्वतःला ही गाणी रडकी वाटतात.

वै. म्हणाली, "एवढं काय आहे त्या माणसात?" नीट सांगता आलं नाही. अमरावतीचं हॉस्टेल, रूममेटच्या भावाने इंग्लंडहून आणलेली कॅसेट, कव्हरसुद्धा नव्हतं. नागपूरला आमच्या वस्तीत गाणं म्हणजे दहा जणांनी मिळून, छाती भरून. ते मला आवडायचं, आजही आवडतं. पण हा एकटा होता आणि हळू बोलत होता. बसस्टॉपवर उभा आहे, नोकरी नाही, जिच्याशी बोलायचंय तिच्याशी बोलवत नाही. मागे गिटार अशी, की उन्हात कोणी पाणी शिंपडतंय. इंग्रजी अर्धंच कळायचं. जे ऐकू आलं ते वहीत उतरवून घेतलं, पाठ केलं. दमलेल्या माणसालासुद्धा गाता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनला येणार होता, सव्वापाचला आला. कुठल्या तरी भलत्याच उपनगरातल्या पेट्रोल पंपावरून फोन. मी पंपाच्या माणसाशी बोलून पत्ता समजावला. तो म्हणाला, ह्यांच्या हातातल्या फोनमध्ये नकाशा चालू आहे.

उंच, वाकलेला, बारीक. कोट ओला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तू मिलिंद. बरोबर म्हणतोय ना?" अगदी बरोबर म्हणाला.

वरणभात दोनदा घेतला. वै.ला म्हणाला, असं साधं जेवण तीन आठवड्यांत मिळालं नव्हतं. मला मुलंबाळं आहेत का, असं विचारलं. मुलगी आहे, तिच्याच खोलीत तुम्ही झोपणार, म्हणालो. भात संपवताना परत विचारलं. चहा घेताना परत. मग म्हणाला, उद्या टेरीला फोन करायला हवा.

टेरी म्हणजे त्याच्या बँडचा गिटारवाला. तो वारल्याचं मी वाचलं होतं, काही वर्षं झाली. वाटलं, दुसरा कोणी टेरी असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल लिहायला जमलं नाही. एकेक करून लिहितो.

सकाळी त्याला गिटारच्या तारा हव्या होत्या म्हणून दुकानात गेलो. स्पीकरवर एक नवा अमेरिकन बँड लागला होता, विशीतली मुलं असतील. गिटार हुबेहूब तीच. लेन रांगेत थांबून ऐकत राहिला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. म्हणाला, "चांगली वाजवतात. आमच्यापेक्षा सुरात." काउंटरवरच्या मुलीला ह्या माणसाबद्दल सांगावंसं वाटलं. काय सांगणार? तारा घेतल्या, आलो.

दुपारी पाय मोकळे करायला एकटा बाहेर गेला. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. आमची टाउनहाउसं सगळी सारखी, त्यात बर्फ. मी शोधत गेलो. चार रांगा पलीकडे एका बंद गॅरेजसमोर हात खिशात घालून उभा होता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. म्हणाला, "मी इथेच थांबायचं ठरवलं." बरोबर चालत आलो.

सहाला माणसं आली. बहुतेक माझ्या वयाची, टकलं पडलेली, जुने टी-शर्ट पोटावर ताणलेले. एक कॉलेजातली मुलगी वडिलांबरोबर. माइक नाही, दिवे नाहीत. आवाज खाली उतरलाय, पण आहे. बोटं तर जशीच्या तशी. पहिली दोन गाणी मी श्वास रोखूनच ऐकली असणार.

तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला थांबला. बोटं चालूच. परत सुरुवातीपासून वाजवलं, परत तिथेच थांबला. लोकांना वाटलं, गंमत करतोय. मग त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची आहे. माझे बाबा शेवटच्या वर्षी, नावं विसरायला लागल्यावर, व्हिडिओ कॉलवर असेच बघायचे.

ती ओळ मी पुढच्या रांगेतून हळूच म्हटली. स्वयंपाकघरातला दिवा दयाळू आहे, अशा अर्थाची. त्याने गायली. गाणं संपल्यावर म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही. पण चालेल." सगळे हसले.

सगळे गेल्यावर विचारलं, खरी ओळ काय होती? कॅसेट तिथे खरखरायची, मी विसाव्या वर्षी जे ऐकू आलं ते लिहून घेतलं होतं.

लेन म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

आज सकाळी खुर्च्या परत केल्या. गाडीत वै. म्हणाली, "हा दमलेला नाहीये, मिलिंद. ह्याला काय होतंय ते ह्याला माहितीये आणि हा ते लपवतोय." ती कामावर रोज असे, विसरायला लागलेले पेशंट बघते. "ह्याला एकट्याला हायवेवर सोडू नकोस."

१६ फेब्रुवारी, सोमवार

अस्मिताला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कॉल हिज फॅमिली. टुडे." मी म्हटलं, दोनच घरं राहिलीत, त्याची इच्छा आहे. ती चक्क मराठीत म्हणाली, "त्याची इच्छा आहे की तुझी?"

दिवसभर तेच डोक्यात.

जेवणानंतर लेनशी बोललो. उगाच आडवळणं घेतली नाहीत. डॉक्टरांना दाखवलंय का? म्हणाला, ऑक्टोबरमध्ये. घरी कोणाला माहितीये? कोणालाच नाही. बहीण आहे, मॉरीन, पण ती लगेच सगळं हातात घेईल.

"घरी गेलो की मी पेशंट. इथे अजून गायक आहे. दोन घरं, मिलिंद. मग मी स्वतः तिला सांगेन."

"आणि गाडी?"

म्हणाला, गाडीची भीती मलाही वाटते.

भांडी घासताना वै. गुणगुणत होती, तिच्या आईचं एक भीमगीत. लेन उठला, गिटार घेतली आणि ओट्याशी उभा राहून साथ धरली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सापडलं. वै. थांबली नाही. मी दारात उभा होतो, तिथूनच वर गेलो. अस्मिताच्या खोलीत स्वतःची गाण्यांची वही उघडी टाकली होती त्याने, मॉरीनचा नंबर पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलेलं, हरवलो तर.

नंबर घेतला. त्याला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे इंग्लंडला फोन. मॉरीन शांत आवाजाची. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मला शंका होती. त्याने ख्रिसमसला दोनदा कार्ड पाठवलं." गुरुवार दुपारच्या आत येता येणार नाही, डब्लिनजवळच्या कोलंबसलाच उतरते. तोवर त्याला एकटं सोडू नका. शेवटचा कार्यक्रम करायचा की नाही ते आल्यावर बघू, असं म्हणाली. माझे आभार मानले. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मॅनेजरला तीन दिवस सुट्टी मागितली. "ह्या आठवड्यात?" म्हणाला. हो, ह्या आठवड्यात. बघू काय होतं ते.

लेनची भाड्याची गाडी परत केली, माझ्या गाडीने निघालो. सहा तास. इंडियाना संपता संपत नाही, सपाट, पांढरं. लेन मग एकदम म्हणाला, "टेरी गेलाय का?"

हो म्हणालो.

"वाटलंच मला." थोड्या वेळाने, "मी त्याच्या अंत्यविधीला होतो का?"

"मला माहीत नाही, लेन."

"असेनच," म्हणाला. "असणारच मी." पुढचे चाळीस मैल त्याने टेरीच्या गोष्टी सांगितल्या. व्हॅन, ओले बूट, एकच हीटर, त्यावरून भांडणं. सगळ्या तारखा, सगळी गावं बरोबर. ते सगळं लख्ख आहे. कालचंच नाही.

पंपावर कॉफी घेताना मी सांगून टाकलं. मॉरीनला फोन केला, ती परवा येतेय.

त्याने कप झाकणासकट कचऱ्यात टाकला आणि गाडीत जाऊन बसला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कॅरलकडे आहोत. निवृत्त संगीतशिक्षिका, मोठं घर, दोन मांजरी. तिला आल्याआल्या सांगितलं. ती म्हणाली, आमच्या आईला होतं, कळतं मला. आणि कार्यक्रम रद्द करायचं नावही काढलं नाही.

लेन कालपासून माझ्याशी बोलत नाही. कॅरलशी हसून बोलतो. मी बाहेर जाऊन तिच्या दारातला बर्फ काढला, पुन्हा पडला, पुन्हा काढला. पाठ धरली.

ऑफिसचे अठ्ठावीस ईमेल. एकही उघडला नाही.

संध्याकाळी तीसेक लोक. मी मुद्दाम मागे बसलो. लेन म्हणाला, आज वही समोर ठेवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. कोणाचीच नव्हती. चष्मा लावून, एकेक पान उलटत गायला. सगळी गाणी गायला, ते दिव्याचं एक सोडून. ह्या चाळीस वर्षांत मी त्याची गाणी कॅसेटवर, मग सीडीवर, मग फोनवर ऐकली, पण इतकं चांगलं कधीच नाही. शेवटी एका माणसाने विचारलं, तुमच्या बँडचं नाव मोठं का झालं नाही? लेन म्हणाला, "आम्ही लाजाळू होतो. मग आमच्यासारखंच वाजवणारे, पण लाजाळू नसलेले आले." लोक हसले. तो हसला नाही.

आवरताना माझ्याजवळ आला. कालपासून पहिल्यांदा. "तू बरोबर केलंस," म्हणाला. "पण मी तुला माफ केलेलं नाही."

ठीक आहे म्हणालो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोलंबस विमानतळ. अरायव्हल्सच्या बाकावर, फोनवर टाइप करतोय.

सकाळी अस्मिताचा मेसेज. हॉलवाले विचारतायत, शनिवारचं नक्की आहे ना. चाळीस नावं आलीत, बरीच मुलं वीस-बावीसची. मी लिहिलं, दुपारी सांगतो. तिने विचारलं, आर यू ओके. हो लिहिलं. वै.चा फोन, झोपलास का. झोपलो नव्हतो, झोपलो म्हणालो.

लेनला वाटेत अस्मिताचा मेसेज वाचून दाखवला. "वीस-बावीसची?" एवढंच विचारलं. मग म्हणाला, मॉरीन हो म्हणणार नाही. मी म्हटलं, आपण तिला विचारू. तू विचार, म्हणाला, ती अनोळखी माणसांशी जरा बरी वागते.

पार्किंगमध्ये गाडी लावली. उघडं पार्किंग, वारा, थंडी हाडात शिरणारी. तो उतरेना.

"मी आत येत नाही. चाकांच्या खुर्चीतून पेशंटला न्यायला आल्यासारखं वाटेल तिला. तू तिला घेऊन ये. मी इथे बसतो."

मॉरीनने सांगितलं होतं, एकटं सोडू नका. वै.नेही. मी म्हटलं, लेन, प्लीज. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि समोर बघत राहिला. गाडी बंद करून गेलो तर दहा मिनिटांत गारठेल. चालू ठेवून गेलो तर गाडी त्याच्या हातात...

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय विचार करतोय ते त्याला कळलं होतं. विनवणी केली नाही, वचन दिलं नाही. नुसता बघत राहिला, आता हा काय करतो, अशा नजरेने.

इंजिन चालू ठेवलं. हीटर वाढवला. दार लावून निघालो. मागे वळून बघितलं नाही, बघायचं नाही असं ठरवूनच.

बोर्डावर मॉरीनचं विमान उतरल्याचं दिसतंय. सामान यायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. इथल्या काचेतून पार्किंग दिसत नाही, मधे बसथांबा येतो. उठून बघता येईल. दोनदा उठलो, परत बसलो.

लोक यायला लागलेत. निळ्या कोटातली एक म्हातारी बाई फोन कानाला लावून इकडेतिकडे बघतेय. माझा फोन वाजतोय.