दिवाळ्यात ताप कुणालाच नाही

बेलापूर, नवी मुंबई
४ डिसेंबर १९९५

विलासराव,

तुम्ही माझ्या बायकोचे थोरले बंधू आणि त्यात निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून आधी वाकून नमस्कार, मग वहिनींच्या दम्याची चौकशी, मग तुमच्या गुडघ्याची, आणि शेवटी म्हशीची. (हा क्रम चारुलताने घालून दिला. मी म्हैस आधी घेणार होतो, कारण तुमच्या घरात माझ्याशी नीट वागणारी ती पहिली.) इकडे आम्ही ठीक आहोत. किती ठीक, ते पुढे येईलच. अक्षर माझं नाही हे तुमच्या मास्तरी डोळ्यांना पहिल्याच ओळीत कळलं असणार. त्याचं कारण खाली देतो, तोवर लाल पेन हातात घेऊ नये.

वैदेही आमच्याकडे यायची होती तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत, "दाजी, मुलीचा तुम्हाला खर्च काही नाही, विद्यापीठ सगळं देतं." आता खरा खर्च ऐका. माझ्या कोल्हापुरी चपलांचा जोड शेजारच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावी खाडीकाठी गाळात गेला, त्यातली उजवी अजून ओहोटीला दिसते म्हणतात. चारुलताच्या हॉर्लिक्सच्या सगळ्या बाटल्या पाण्याच्या नमुन्यांना गेल्या आणि डाळी उघड्यावर आल्या. डायनिंग टेबल गेलं. त्यावर कागद आहेत आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतो, जे मी आयुष्यात इतकी मेहनत करून बंद केलं होतं. आणि वीस वर्षांत कमावलेला माझा शब्द गेला, जो दिवाळ्यात नोटेसारखा चालत होता. यातलं विद्यापीठ काय परत देणार आहे?

तुमचं परवाचं पत्र मिळालं. पंधरा तारखेला कराडचे पाहुणे वैदेहीला बघायला येणार, संशोधनाचं काही होत नाही असं तुमच्या कानावर आलंय, तेव्हा पोरीला सामानासकट पाठवून द्यावं, असं तुमचं म्हणणं. एका वर्षाची बोली होती आणि ते वर्ष संपत आलं, हे मला मान्य आहे. उत्तर देतोच. पण आधी काय काय झालं ते ऐकून घ्या, कारण कोरेगावात बसून हे कळायचं नाही. इथे राहून मलाही कळायला पाच महिने लागले.

विषयाचं नाव आहे 'आरोग्य, दुर्बल घटक आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा'. मी आठवी पास माणूस. भाऊच्या धक्क्यावर पाठीवर गोणपाट टाकून बर्फाच्या लाद्या वाहिल्या, आता बेलापुरात स्वतःचा बर्फाचा डेपो आहे, दिवाळे आणि करावे या दोन्ही गावांच्या होड्यांना माझा बर्फ जातो. मला वाटलं, नावात तीन गोष्टी आहेत, तीन पोरी मिळून करत असतील. तर नाही, एकटी तुमचीच. मग तिने मला समजावलं. गेल्या वर्षी सुरतेच्या प्लेगची बोंब झाली, तेव्हा परदेशांनी आपली विमानं बंद केली ना, तेव्हापासून मोठ्या लोकांना प्रश्न पडलाय की गरिबाच्या वस्तीतला आजार देशोदेशीच्या सुरक्षेला धोका आहे काय. मी म्हटलं, म्हणजे ताप गरिबाला येणार, घाबरणार श्रीमंत, आणि संशोधन घाबरलेल्याचं? वैदेही म्हणाली, "आतोबा, मला नेमकं हेच लिहायचंय, पण आकडे दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही." इथे मी फसलो. आकडे म्हटल्यावर मला वाटलं, एवढंच ना, दिवाळं आपलं आहे.

तिला घेऊन मी पुतळाबाईच्या अंगणात गेलो. पुतळाबाई म्हणजे दिवाळ्यातल्या मासळीवाल्या बायकांची पुढारी. तिने मान हलवली की गाव बोलतं, नाही हलवली की खाडीसुद्धा गप्प. मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं की ही माझ्या मेव्हण्याची पोर आहे, शिकतेय, सरकारी नाही. विलासराव, ही माझी पहिली चूक. या भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जो जो कागद घेऊन आला आणि 'मी सरकारी नाही' म्हणाला, तो जाताना जमीन मोजूनच गेला. वैदेहीने पहिलाच प्रश्न विचारला, घरात माणसं किती आणि चुली किती? झालं. नव्या शहरासाठी जमीन गेलेल्यांना त्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे प्लॉट सरकारकडून मिळायचे आहेत, त्यात वेगळी चूल म्हणजे वेगळा हक्क, असं गावाचं पक्कं मत. पुतळाबाईच्या घरात मी वर्षानुवर्षं एका चुलीवरचा चहा प्यालोय. ती शांतपणे म्हणाली, "तीन चुली हायेत. लिव बाय." मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी बर्फवाला आहे, गप्प बसलो. शेजारच्या घरात चार निघाल्या. एकीने पाळण्यातल्या नातवाची चूल वेगळी सांगितली.

मग आजाराचे प्रश्न. ताप? नाही. खोकला? नाही. जुलाब? "आमचे घरान? छ्या!" थंडी वाजून येते का? "खाडीवर वारा असतो, वाजनारच." माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारा गोधडीत कुडकुडत होता, त्याची सून म्हणाली, सासऱ्याला लाज वाटते म्हणून तोंड झाकून घेतो. याचंही कारण मला माहीत होतं, पण सांगतो कुणाला? गेल्या वर्षी त्या प्लेगच्या बोंबेत बेलापूरच्या इमारतींनी यांची मासळी बंद केली होती. कोळणीच्या घरात ताप आहे एवढं सेक्टरमध्ये पसरलं की पाटी भरलेली घरी परत. तेव्हापासून दिवाळ्यात ताप कुणालाच येत नाही.

आणि विलासराव, खोटं कशाला बोलू, त्या इमारतींत आमचीही एक. आमचे सेक्रेटरी सुधीर नाडकर्णी यांनी गेटवर नोटीस लावलीय: 'रोगराईच्या कारणास्तव मासळी विक्रेत्यांना आवारात मनाई.' खाली सही चेअरमनची, म्हणजे माझी. (धंदा वेगळा, पद वेगळं.) तरी आमची सोसायटी सेक्टरमध्ये एक नंबर हे छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या कारकिर्दीत गच्चीवर नवी टाकी आली, आवारात पाण्याचा थेंब साचत नाही, डास औषधाला मिळायचा नाही. आणि मी स्वतः! वीस वर्षांत डॉक्टरच्या दारात गेलो नाही. बर्फाला कुठे ताप येतो? डेपोतही माझं लक्ष असंच. पावसाळ्यात लाद्या वितळू नयेत म्हणून भुशावर एक भक्कम गोल झाकण टाकलंय, तेसुद्धा विकत न घेता. माणसाने डोळे उघडे ठेवले की वस्तू मिळतात, एवढंच म्हणतो.

'दुर्बल घटक' या शब्दावरून तर मार खायची वेळ आली होती. वैदेहीने एकदा तोंडावरच सांगितलं की तुम्ही दुर्बल घटकांत येता. पुतळाबाईने बर्फासकट भरलेली पाटी एका झोक्यात डोक्यावर घेतली, परत खाली ठेवली आणि मला म्हणाली, "दिनाशेट, आता तू उचल." मी उचलली नाही. गुडघ्यापर्यंत आणली, पुढचं चारुलताला माहीत आहे. तिने तीन दिवस माझ्या कमरेला तेल चोळलं. मग पुतळाबाईने विचारलं, हा अभ्यास वाचणार कोण? परदेशातले साहेब, असं कळल्यावर म्हणते, "आमच्यापासून त्यांना वाचवता. त्यांच्यापासून आमाला कोन वाचवनार, ते बी लिव." वैदेहीने ते खरंच लिहून घेतलं. तुमची पोरगी हुशार आहे, एवढं मान्य करतो. (हे वाक्य लिहिताना पेन थबकलं. पुढे चला.)

पाच महिन्यांनी तिचे मार्गदर्शक अरविंद सर विद्यापीठातून आकडे बघायला आले. चष्मा वर, चष्मा खाली. म्हणाले, या गावाची लोकसंख्या एका वर्षात तिप्पट झाली आहे आणि आजारी एकही नाही. असं गाव जगात कुठेही नाही, हे बाहेर पाठवलं तर परदेशातले लोक एक तर लस शोधायला इथे येतील नाहीतर आपल्याला हाकलतील. महिनाअखेर खरी माहिती आली नाही तर शिष्यवृत्ती बंद आणि काम बंद. घरी येऊन वैदेहीने ट्रंक खाली काढली, बाटल्यांतलं पाणी मोरीत ओतलं, बाटल्या धुऊन आत्याला परत दिल्या. विलासराव, चारुलता पाच महिने त्याच बाटल्यांसाठी भांडत होती. त्या रात्री तिने डाळी भरल्या नाहीत.

मग मीच म्हटलं, सरांना एकदा पुतळाबाईसमोर बसवू. मागच्या मंगळवारी आम्ही तिच्या अंगणात. सर खुर्चीवर, बाया जमिनीवर, मी मध्ये, दुभाषा. सर विचारतात ताप, मी विचारतो ताप, उत्तर नाही. सकाळपासून माझं अंग मोडून आलं होतं, पण मी कामाला लागलो की अंग बाजूला ठेवतो. तर चौथ्या-पाचव्या घराची पाळी आली आणि माझे दातच वाजायला लागले. भर दुपारी, उन्हात. वैदेही म्हणाली, "आतोबा, बरं नाही का?" मी म्हटलं, छे, खाडीवर वारा आहे. सर म्हणाले, तुम्हाला ताप आहे. मी म्हटलं, ताप कसला, आमच्या घरात ताप येतच नाही. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. पुतळाबाई उठली, मासळीचा हात लुगड्याला पुसला, माझ्या कपाळावर ठेवला आणि जी हसली! "गो, हा तर आमचाच बोल बोलतो! दिनाशेट, तुझा बर्फ कोन घेनार नाय म्हनून बोलत नाय काय?"

तेच तर कारण होतं. आजारी माणसाच्या हातचा बर्फ मासळीला कोण लावील?

तिने मला तिच्या चटईवर आडवं केलं, त्या कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याची गोधडी माझ्या अंगावर टाकली (ती ओढताना म्हातारा स्पष्ट म्हणाला, "परत दे"), आणि वैदेहीला म्हणाली, "कागद काढ. पयला याचा नाव लिव. त्याचे खाली माझा. पावसापास्नं मना दोनदा थंडीताप आला." मग दुसरी बोलली, मग तिसरी. घराघरांतून ताप बाहेर आला, विलासराव. कुणाचं पोर आठ दिवस शाळेत नाही, कुणाचा नवरा होडीवर जात नाही, औषधाला कुठे जायचं ते माहीत आहे पण गेलं की लोकांना दिसतं म्हणून जात नाहीत. मी गोधडीतून सगळं ऐकत होतो. कान माझे तापातही चालतात. अरविंद सर खुर्ची सोडून खाली बसले. चुलीसुद्धा तिनाच्या एक झाल्या. पुतळाबाईने एवढंच विचारलं, "हा कागद प्लाटवाल्यांकडे नाय ना जानार?" वैदेही म्हणाली, "नाही जाणार, मावशी." आणि यावेळी मी मध्ये बोललो नाही, म्हणूनच बहुतेक पटलं.

तर असा हा सगळा वैताग. मी थकलोय, अंगात त्राण नाही, तोंड कडू आहे, आणि चारुलता मला पेज देते. वहिनींना नमस्कार, म्हशीला माझी आठवण.

तुमचा दाजी,
दिनानाथ

ता. क. अक्षर तुमच्या वैदेहीचं आहे. मला हिवताप आहे, हात कापतो. तिच्याबद्दलच्या तक्रारी तिच्याकडूनच लिहून घ्याव्या लागल्या, त्यामुळे दोन-चार गाळल्या असाव्यात. मी वाचून बघितलं नाही, चष्मा चारुलताने लपवलाय.

ता. क. २. खरं काम हे. पोरीला पंधरा तारखेला पाठवणार नाही. दिवाळ्यातली अर्धी घरं अजून राहिलीत आणि ती फक्त तिच्याशीच बोलतात. मार्चपर्यंत पाहुण्यांना थांबवा. न थांबले तर जाऊ द्या. पुतळाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाव्हन्याला बर्फ लाव, चांगला आसल तर टिकंल." माझा बर्फ हवा तेवढा पाठवतो. ही विनंती समजा, नाहीतर चारुलताचा हुकूम समजा. ती दारात उभी राहून ऐकतेय.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहून गेलं, आज सहा तारीख. काल हिवतापवाले आले होते. दिवाळ्यातली पिंपं बघितली, सगळी फडक्याने बांधलेली, एक अळी मिळाली नाही. अळ्या मिळाल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत. नोटीस मी आज सकाळी काढायला लावली. टाकीला जूनपासून झाकण नव्हतं. ते डेपोत सापडलं, बर्फावर.