बाबांचा शेवटचा कागद

एचिझेन, मार्चअखेर

प्रिय तादाहिकोदादा,

नागोयाच्या घरात तू चौकटीत लावलेला बाबांचा शेवटचा कागद बाबांचा नाही. तो मी केलेला आहे. त्यांचा एकही उरला नव्हता.

दोन हिवाळे त्यांना नीट दिसत नव्हतं. कागद कुठे जाड, कुठे विरविरीत व्हायचा. व्यापाऱ्याने माल परत पाठवला, ते मी त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी ते घरात गेले की झाडाची नवी साल शिजवण्याऐवजी त्यांचेच ओले कागद कुटून मी पुन्हा लगदा करायचे आणि सकाळी त्यांच्याच हौदात ओतायचे. या गावात भात पिकेना म्हणून देवीने कागद करायला शिकवलं. दीड हजार वर्षं आपण तेच करतोय. बाबांना घरी बस म्हणून कसं सांगणार?

जानेवारीत एकदा हौदात हात घालून ते बराच वेळ उभे राहिले.

"यासुए, हा लगदा दमलाय गं. किती वेळा कागद झालाय याचा?"

"नवी साल आहे, बाबा. परवाच शिजवली."

"असं? मग माझे हातच दमले असतील," ते हसले आणि त्यांनी कागद गाळायची जाळी उचलली.

पडवीत नव्या सालीचे दोन भारे पडून होते. त्यातला एक त्यांच्यासाठी शिजवता आला असता. मी नाही शिजवला. महिनाभराने ते गेले. तू रडलास, मला रडू आलं नाही.

त्या सालीचा कागद मी परवा केला. चांगला झालाय.

तुझी बहीण,
यासुए