डब्यांची रांग

वालूर, शनिवार संध्याकाळ

मामांच्या पिठाच्या गिरणीचं ॲप आज एकदाचं चाललं. घरबसल्या आपला नंबर बघा, असं केलं होतं मी. कुणी बघेचना. मामा म्हणाले, काढून टाक. राग आला होता, खरं सांगते.

मग परवा गिरणीत नुसती बसून राहिले. इथं नंबर मोजतं कोण? बाया डबा रांगेत ठेवतात नि घरी जातात. लहानपणापासून बघतेय, तरी सुचू नये मला?

ॲपमधले नंबर काढून टाकले. आता मामा मधूनमधून रांगेचा फोटो टाकतात, तोच दिसतो.

आज शेजारच्या सुमनकाकूंच्या हातात फोन दिला, काही न सांगता. झाकणाला पोचा पडलेला आपला डबा त्यांना लगेच सापडला. मग कपाळाला आठी.

"माझ्या म्होरं हा निळा डबा कुणाचा घुसलाय? मघाशी नव्हता."

फोन माझ्याकडं देऊन तरातरा गिरणीकडं गेल्या.

थोड्या वेळानं मामांचा फोन. मागं नुसता बायांचा कालवा. मामा हसायलेत.

"तुझ्या फोटोवरून भांडण लागलंय हितं. काढू नको, राहू दे ते ॲप."

लगेच नवा फोटो आला. पोचा पडलेलं झाकण सगळ्यांच्या पुढं.