देवाच्या दिव्याची वायर

३ नोव्हेंबर, आलापल्ली

माझं नशीब पालटलं ते आज दुपारी, वीजकाम करणाऱ्या प्रवीणभाऊंनी टॉर्च हातात दिला आणि आजपासून तू माहा माणूस, असं म्हणाले तेव्हा. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून घरी कोणी धड बोलत नव्हतं. इथे आल्या आल्या भाऊंनी तर्रीपोहा खाऊ घातला, वर म्हणाले की तू शिकलेला हायेस, पण जास्त नाई, म्हणजे कामाचा हायेस. काम सोपं. जुन्या किंवा नव्याने दुरुस्त केलेल्या घरात जायचं आणि वायरिंग डोळ्यांनी तपासायचं. काळवंडलेलं सॉकेट, उघडे जोड, अर्थिंग नसलेला गिझर, भिंतीची ओल. पाहायचं, टेस्टर लावायचा, मालकाला सांगायचं. खोलायचं नाही, तोडायचं तर मुळीच नाही. डोळे वापर, हात खिशात ठेव, भाऊ म्हणतात. माझे हात खिशात राहिले असते तर कॉलेज सुटलं नसतं, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

गावभर ओल्या सागाचा वास. कॉलेजातल्या मयुरीची आठवण दिवसातून एकदाच आली. बरं, दोनदा.

५ नोव्हेंबर

आज वामनरावांचं घर. बाहेरून नवंकोरं. आत जुनं तसंच ठेवून त्याच्यावर टाइल्स आणि प्लास्टर चढवलेलं. असल्या घरांत जास्त पाहावं लागतं, कारण जुनी वायर कुठे गाडली ते गवंड्यालाही आठवत नाही.

धाकट्या मुलाचं, कुलदीपचं, लग्न ठरलं आहे. मुलीच्या बापाची अट अशी, की आधी घरातला करंट तपासा, मगच तारीख. कारण थोरली सून रोशनी मागे दिवाळीच्या आधी याच स्वयंपाकघरात गेली, ओल्या फडक्याने भिंत पोतारता पोतारता. घरचे मिरगी म्हणतात, म्हणजे फेफरं. गाव करंट म्हणतं.

कुलदीप भला माणूस. चहा दिला, मला भाऊ म्हणून हाक मारली, आणि न विचारता मोबाइलवर नवरीचा फोटो दाखवला.

मयुरी.

चांगली आहे म्हटलं आणि मीटर पाहायला गेलो. बराच वेळ मीटरच पाहत राहिलो.

६ नोव्हेंबर

मेन पाडला. पंखे थांबले, फ्रिज थांबला. स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीला सहज टेस्टर टेकवला, तर पेटला. दुसरा टेस्टर आणला. तोही पेटला. मेन बंद, तरी भिंतीत करंट.

वामनरावांच्या बायकोला, बायनाबाईंना विचारलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं. या भिंतीत जुना देव्हारा. गावात वीज आली तेव्हा सासऱ्यांनी देवापुढे झिरोचा बल्ब लावला आणि नवस केला, हा दिवा विझू द्यायचा नाही. कोणी मेन पाडला तरी देव अंधारात नको, म्हणून त्याची वायर मेनच्याही आधी, खांबावरून येणाऱ्या तारेतून घेतली. दुरुस्तीत देव पुढच्या खोलीत गेले. वायर तोडायला कोणी धजलं नाही. बल्बसकट प्लास्टर मारलं. आतमंदी अजून जळत असन, म्हणाल्या, आणि खडा फेकला.

अजून एक सांगितलं. नवी सून घरात आली की ओल्या हळदीचा पंजा याच भिंतीवर उमटवते. रोशनी आली तेव्हा मे महिना होता, भिंत कोरडी होती. मयुरी थंडीत येणार. भिंतीला आता पलीकडच्या नव्या न्हाणीची ओल आहे.

कुलदीप लग्नाच्या खरेदीला वरोऱ्याला गेला आहे. त्याले सांगू नको बाप्पा, लगन मोडन, असं बायनाबाई म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

वामनरावांवर ओरडलोच. ते म्हणाले, बापानं लावलेला दिवा मी तोडू? तू पाह्याले आला ना, मंग पाह्य. त्यांच्या होकाराशिवाय ती वायर तोडायला खांबावर चढायला कोणी तयार नाही. प्रवीणभाऊ म्हणाले, मी बोलतो, तू गरम होऊ नको. मग हळूच विचारलं, पोरगी तुह्याच कॉलेजची होती म्हणे?

यांना कोणी सांगितलं? सगळ्यांना ठाऊक आहे का? मला मुद्दाम या घरी पाठवलं का?

९ नोव्हेंबर

मयुरीला फोन केला. भिंतीचं सांगितलं. ती हसली. तुले माहं कोनतंच लगन चालनार नाई, म्हणाली. पंजा तर मी उमटवीनच, मुद्दाम. मग नंबर ब्लॉक.

१० नोव्हेंबर

भिंतीवर पंजा. पिवळा. नव्या रंगावर नाही, रंगाच्या खालून वर आलेला. बायनाबाई म्हणतात ओल फुटली. पुसला त्यांनी, काठीला बांधलेल्या कोरड्या फडक्याने, लांबूनच. म्हणजे भिंतीला हात लावायचा नाही हे त्यांना माहीत आहे.

जेवून आलो तर परत होता. हळदीचा वास. बायनाबाईच करत असतील. मला पळवायला.

११ नोव्हेंबर

दुसरा पंजा.

याची अनामिका अर्धी. मयुरीचं ते बोट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मशीनखाली गेलं होतं, मीच दवाखान्यात नेलं — ती या घरात आलेली नाही. एकदाही नाही. बायनाबाईंना बोटाचं माहीतच नाही, विचारलं मी —

मग कोण —

१२ नोव्हेंबर, दुपार

कुलदीप आला. माझ्यासाठीही शर्टाचं कापड आणलं. उद्या मुलीकडचे येणार. त्याला डाग दिसले. आई घाबरते, मीच धुतो म्हणाला. बादली भरली. अनवाणी. बाह्या वर.

मेन पाडला ना भाऊ, असं विचारलं.

पाडला म्हटलं. खोटं नाही. पाडलेलाच आहे.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. एवढंच सांगायचं होतं की — तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तिचा फोटो. तो लाजला, कट केला. मग फोन करतो म्हणाला, आधी हे —

ओसरीवरून लिहितो. तो फडकं पिळत होता, भिंतीकडे वळला नव्हता. भिंतीतल्या वायरीचं सांगायला वेळ होता. मी वही उचलली, बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि