वाघोबाच्या दगडावरचा हात

बा, त्या सकाळी मी भाजलेला उजवा हात पाण्याबाहेर धरून आंघोळ केली आणि नारळ घेऊन सूर्यमाळच्या वाटेवर आपल्या वाघोबाच्या दगडापाशी जाऊन बसलो. ज्या निवासी शाळेत मी स्वयंपाक करायचो, तिथले अधीक्षक येणार होते. मीच बोलावलं होतं त्यांना.

डाळीच्या मोठ्या टोपाचा कान सैल झाला होता. मी पावसाळ्यापासून सांगत होतो, "साहेब, टोप बदला, कुणीतरी भाजेल." ते म्हणायचे, "हाताला तूप लावून येतोस का? घट्ट धर." एका दुपारी कान निखळला आणि उकळती डाळ माझ्या हातावर आली. मुलं लांब होती, ही देवाची कृपा. साहेबांनी वर कळवलं, टोप धड होता, स्वयंपाकीच निष्काळजी. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. औषधपाण्याचं नावही काढलं नाही. टोप लगेच भंगारात गेला.

तेव्हा मला तू आठवलास. बांधाच्या भांडणात तू समोरच्याला याच दगडापाशी आणलं होतंस. त्यानं हात पुढे केला आणि दगडाला न टेकवताच मागे घेतला. मी तुझ्या मागे उभा. तू म्हणालास, "देवाम्होरं खोट्याचा हात टेकत नाय, पोरा." त्याच भरवशावर मी साहेबांना शब्द दिला, "दगडावर हात ठेवून सांगा टोप धड होता, मी गप घरी बसेन."

ते हसतच आले. "वाघाला साक्षीला आणलास होय रे!" चपला काढल्या, शेंदरावर पंजा टेकला. "टोप चांगला होता. झालं?" मग रुमालानं बोटं पुसली आणि मोटारसायकलला किक मारली. ती पहिल्याच किकेला सुरू झाली, बा.

मी घरी बसलो. त्या दुपारी माझ्यासोबत टोपाचा दुसरा कान धरणारी बाई पदरात नागली घेऊन आली. "दादा, मी सगळं पाह्यलंय. पण माझं नाव नको घेऊस. मलाबी काढतील." जखम भरली, पण मूठ वळत नाही. लिहायलाही आता डावाच हात. या हाताला परत चुलीपाशी कोण उभं करील?

आज जव्हारला गेलो, कामगारांच्या तक्रारी घेतात तिथे. तिथल्या माणसानं विचारलं, "टोप कुठाय?" भंगारात. "पाहिलेलं कोण?" बाईचं नाव जिभेवर आलं, ते गिळलं. "मग अवघड आहे, काका," तो म्हणाला. मलाही तसंच वाटतं.

तुला वाचता येत नव्हतं. हे लिहिलेलं दगडापाशी येऊन तुला वाचून दाखवणार होतो, पण आता तिकडे नाही येत. वाघोबासमोर दिलेला शब्द मी मोडलाय. साक्षीदाराची जागा कोरी ठेवली, खाली डाव्या हातानं सही केली आणि तक्रार दिली.